निवळेपर्यंत

चौथ्या मजल्यावरच्या हुबाचकोवाबाई
गुडघ्याच्या उपचारांना गेल्या, महिनाभर,
आणि चाव्यांबरोबर मला मिळालं
सत्तर लिटर पाणी,
अकरा निऑन, तळ हुंगत फिरणारे चार मिशाळ,
आणि वहीच्या पानावर एक ओळ:
चिमूटभर घाल. बाकी बघत बस.

मी ट्राम दुरुस्त करणारा माणूस.
ओस्त्रावाच्या डेपोत बावीस वर्षं झाली,
बघत बसण्याचा पगार अजून कुणी दिलेला नाही.

पाण्याला चहाची झाक होती,
बुडवलेल्या लाकडातून उतरलेली.
काचेवर शेवाळाची साय.
वाटलं, बाईंना आता नीट दिसत नसेल.
रविवारी बाह्या सरसावल्या.
लाकूड बाहेर. खडे चाळणीत.
फिल्टरचा स्पंज नळाखाली धरून
असा पिळला, असा पिळला
की तपकिरी ओघळ संपले
आणि मी बायकोला हाक मारली:
यिर्का, हा निळा होता!

संध्याकाळी टाकीत पाणी नव्हतंच जणू.
मासे हवेत टांगलेले,
त्यांच्यामागे खिडकी, बर्फ, बंद खाणीचा मनोरा,
सगळं आरपार.
यिर्का म्हणाली, दुकानातल्यासारखं.
तेवढ्या एका शब्दावर मी गाढ झोपलो.

मंगळवारी एक निऑन वर आला, आ वासून.
बुधवारी तो उताणा, आणि दुसरा वर.
पाणी अजून लख्ख.
तेच कळेना.
घाण दिसली असती तर काढली असती.

फोनवर त्या आधी बोलल्याच नाहीत.
मागे कुणाच्या तरी कुबड्यांची टकटक.
मग म्हणाल्या, फ्रिजवरच्या डब्यात बाटल्या आहेत.
थेंब मोज. पाच मिनिटं थांब.
नळी पिवळी राहिली तर बरं.

नाही राहिली.
सावकाश हिरवी झाली,
सोललेल्या कोवळ्या मटारासारखी,
इतकी देखणी
की अमोनिया हे नाव तिला शोभेना.

स्पंज धुतलास?
हो.
कशात?
मी नळाकडे पाहिलं.
राडिम, त्या तपकिरीत वस्ती होती रे.
विष खाऊन जगणारी माणसं समज.
तू अख्खं गाव धुऊन काढलंस.

मग रोज एक तृतीयांश पाणी.
रात्रभर बादल्यांत उघडं ठेवलेलं,
क्लोरिन उडून जावा म्हणून,
सकाळी कोपर बुडवून ऊब बघितलेली,
बाळाच्या अंघोळीला बघतात तशी.
खाणं बंद.
दुसऱ्या मजल्यावरच्या त्काडलेत्सकडे
बरणी घेऊन गेलो, विरजण मागावं तसा.
त्याने आपल्या टाकीतला जुना स्पंज
माझ्या बरणीत पिळला,
आणि ते काळपट पाणी
मी दोन्ही हातांनी जिना चढवून आणलं,
सांडू नये म्हणून श्वास धरून.

शुक्रवारी टाकी दुधाळ झाली.
मासे गायब, फक्त कधीतरी
धुक्यातून एक निळी रेघ.
मी म्हटलं, दुकानात बाटली मिळते,
दहा थेंबांत स्वच्छ.
बाई म्हणाल्या, हात कुठे आहेत तुझे?
खिशात घाल.

घातले.
सहा दिवस.
रिकाम्या खुर्चीवर त्यांची उशी होती,
तिच्यावर बसून मी काहीही न करता बसलो,
आणि डेपोतल्या कुठल्याही ब्रेकने
मला एवढं दमवलेलं नाही.

सातव्या दिवशी नळी पिवळी.
पाणी कधी निवळलं ते पाहिलं नाही,
बघत असूनही.

बाई काठी टेकत आल्या,
कोट न काढता टाकीपाशी उभ्या राहिल्या.
ओठ हलत होते. नऊ.
माझ्याकडे वळल्या नाहीत.
झाकण उचललं, स्पंज पाहिला,
पुन्हा तपकिरी धरू लागलेला,
आणि डब्यातून चिमूट घेऊन
अर्धी परत टाकली.